शनिवारचा शेवटचा तास

नववी-दहावीच्या मुलांना मानसशास्त्र शिकवायचं तर सुरुवात राशिभविष्याने करावी, असं माझं मत आता पक्कं झालंय. व्याख्येने तर मुळीच करू नये. ‘वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे मानसशास्त्र’ असं फळ्यावर लिहून खडू खाली ठेवेपर्यंत शेवटच्या बाकावरची पोरं खिडकीतून समोरच्या टॉवरवरची क्रेन बघायला लागलेली असतात. त्यात त्यांचं फारसं चुकतं असंही मला वाटत नाही.

एरवी मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. अकरावी-बारावी आर्ट्सला मानसशास्त्र हा ऐच्छिक विषय; पुस्तक ठरलेलं, पेपरही ठरलेला. गिरणगावातल्या एका मराठी शाळेत मात्र शनिवारचा शेवटचा तास माझ्याकडे असतो. कागदोपत्री तो मूल्यशिक्षणाचा आहे. तो माझ्या हवाली करताना मोठ्या बाईंनी अपेक्षा सांगून टाकली होती, ‘जरा मोबाइलचं सांगा, एकाग्रतेचं सांगा, आणि मुलींना ते मैत्रीबित्रीचं.’ पालकसभेतही सूर तोच. मुलांना वळण लावायचं एक नवं, शास्त्रीय वाटणारं साधन म्हणजे मानसशास्त्र, अशी बहुतेक मोठ्यांची समजूत असते. मुलांची समजूत त्याहून मजेशीर. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतंच, ‘बाई, तुम्हाला आमच्या मनातलं कळतं?’

मी म्हणते, कळतं की. प्रत्येकाने पाच ओळी लिहून द्या, काहीही. अक्षरावरून स्वभाव ओळखून पुढच्या शनिवारी आणते.

पुढच्या शनिवारी घडी घातलेली, नाव घातलेली चिठ्ठी ज्याच्या-त्याच्या हातात. ‘लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं तुला मनापासून वाटतं. पण स्वतःला तू फार बोल लावतोस. बाहेरून शांत दिसलास तरी आतून तुझी घालमेल चालू असते. तुझ्या अंगात बरेच गुण आहेत, ज्यांचा तू अजून उपयोग केलेला नाहीस.’ अशा आठ-दहा ओळी. खाली चौकट : वर्णन कितपत जुळतं? पाचपैकी गुण द्या. एरवी कुणाला काही न देणारा हा वर्ग इथे चार-पाच गुण सढळ हाताने वाटतो. एखादी मुलगी चिठ्ठी दप्तरात आतल्या कप्प्यात ठेवायला निघते. मग मी सांगते, शेजाऱ्याशी चिठ्ठी बदला.

ओठ हलवत वाचणं, मान वर करून शेजाऱ्याकडे बघणं, पुन्हा वाचणं, आणि मग कुठून तरी आरोळी, ‘अरे, सेम आहे!’ मुलांना ‘तोस’ आणि मुलींना ‘तेस’, एवढाच काय तो फरक. पुढची दहा मिनिटं वर्ग माझा नसतो. गलका ओसरल्यावर दरवर्षी कुणीतरी हळूच म्हणतं, ‘पण बाई, माझ्या बाबतीत खरंच बरोबर आहे.’ हे ऐकायलाच तर मी सगळा खटाटोप करते. बरोबर असतंच. सगळ्यांच्याच बाबतीत बरोबर असतं.

हा प्रयोग बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर केला होता. त्याने आधी रीतसर व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, आठवड्याने प्रत्येकाला ‘तुझा अहवाल’ म्हणून एकच मजकूर वाटला. विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. तो मजकूर त्याने पेपरच्या टपरीवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचलला होता. भविष्य खोटं असतं असं मी वर्गात म्हणत नाही. म्हणायची वेळच येत नाही. पुढच्या आठवड्यात कुणीतरी लोकलच्या डब्यातल्या बंगाली बाबाच्या स्टिकरचा फोटो काढून आणतं, आणि ‘घरात अशांती, कामात अडथळा, जवळच्याकडून धोका’ यांतली कुठली गोष्ट मुंबईत कुणाला लागू पडणार नाही, यावर वर्गात वाद होतो.

चौदा-पंधराव्या वर्षी मुलांना ‘तू कसा आहेस’ हे सांगणाऱ्यांची तोटा नसलेली फौज आजूबाजूला असते. आई सांगते, क्लासचे सर सांगतात, शेजारच्या काकू सांगतात, आता फोनही सांगतो. आपल्याबद्दल कुणी ठामपणे काही सांगितलं की ते पटतंच, आणि पटलं म्हणून ते खरं ठरत नाही, हे त्यांना एकदा स्वतःवर अनुभवू द्यावं. उपदेशाने जे काम वर्षभरात होत नाही ते या चिठ्ठीने एका तासात होतं.

मग पुढचे शनिवार मी असेच काढते. फळ्यावर कमीत कमी. आधी मनाला चकवायचं, मग त्याला रंगेहाथ पकडायचं, आणि नाव शेवटी सांगायचं.

स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग तर खेळच आहे. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत, ‘निळा’ पिवळ्या शाईत, असे शब्द लिहायचे आणि वाचायचं नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. हुशार मुलंसुद्धा अडखळतात, कारण वाचता येणाऱ्याला न वाचणं जमत नाही. एका वर्षी मी तोच तक्ता तेलुगूत करून नेला. वरळी-परळ पट्ट्यात पद्मशाली कुटुंबं जुनी आहेत, एका शेजारणीनेच लिहून दिला. अख्ख्या वर्गाने रंग घडाघडा सांगितले. अडखळली ती एकटी, आजोबांनी घरी तेलुगू वाचायला शिकवलेली मुलगी. हरल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या दिवसापर्यंत तिला ती लिपी येते हे वर्गात कुणाला ठाऊकच नव्हतं.

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह सगळ्यांना आवडतो, कारण कुत्रा. त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी, मनासाठी नव्हे. कुत्र्याची लाळ मोजता मोजता तो इकडे वळला. अन्न आणणाऱ्या माणसाच्या पावलांची चाहूल लागली तरी कुत्र्याला लाळ सुटते, हे ध्यानात आल्यावर त्याने पुढचे प्रयोग रचले. यावर उदाहरणं मागितली की वर्ग सुसाट सुटतो. मधल्या सुट्टीच्या घंटेआधीच लागणारी भूक, कुकरची शिट्टी, वगैरे. एकाने सांगितलं, ‘माझे बाबा ट्रेनमध्ये घोरत असतात, पण दादर आलं की आपोआप उठतात.’ हे पावलोव्हचं उदाहरण म्हणायचं का, यावर आमचा अर्धा तास गेला. अनाउन्समेंटमुळे उठतात की गर्दीच्या धक्क्याने? की झोपेतही मन स्टेशनं मोजतं? बाबांना विचारून ये म्हटलं. बाबांचं उत्तर आलं, ‘मी झोपलेलोच नसतो.’

याच ओघात मी त्यांना वॉटसन आणि रेनर यांच्या १९२० च्या प्रयोगाचं सांगते. जेमतेम नऊ-दहा महिन्यांचं बाळ, अहवालात त्याचं नाव अल्बर्ट. पांढऱ्या उंदराला ते घाबरत नव्हतं. मग उंदीर जवळ आला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. असं काही वेळा झाल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडायला लागलं. कॉलेजातली मुलं हे उत्तरपत्रिकेत लिहितात आणि पुढे जातात. नववीची मुलं पुढे जात नाहीत. ‘मग त्या बाळाचं काय झालं?’ भीती काढून टाकण्याचं काम कुणी केलंच नाही, बाळ तिथून निघून गेलं, असं सांगितल्यावर वर्ग खरोखर भडकतो. आईला सांगितलं होतं का, पोलिसांत का नाही दिलं, त्याला नंतर उंदीर दिसला तर? संशोधनातली नीतिमत्ता हे प्रकरण मी वेगळं शिकवत नाही. ते याच तासाला, त्यांच्याच रागातून शिकवून होतं. राग शांत करायला मग मेरी कव्हर जोन्स असते. तिने १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाची भीती घालवली : तो खात असताना ससा लांब ठेवायचा, आणि दर वेळी थोडा जवळ आणायचा. चाळीतल्या कुत्र्याला घाबरणाऱ्या एका मुलीने हाच कार्यक्रम बिस्किटांसह राबवायचं ठरवलं. कुत्रा दोन दिवसांत तिचा झाला. तिच्या भीतीला जास्त दिवस लागले, पण गेली.

सगळ्यात अस्वस्थ करणारा तास आठवणींचा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा? दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिली का? ‘आदळल्या’ असं ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, ‘धडकल्या’वाल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. मी वर्गात स्कूटर आणि हातगाडीची एक साधी क्लिप दाखवते आणि प्रश्नांचे दोन प्रकारचे कागद वाटते. निम्मी मुलं शेजाऱ्याचं बघून लिहितात, त्यामुळे आकडे कधी जुळतात, कधी नाही. जुळले नाहीत की चर्चा जास्त रंगते, कारण मग प्रयोग कुठे फसला हे शोधायचं काम त्यांचं.

एका मुलीने विचारलं होतं, ‘म्हणजे मी शपथ घेऊन खोटं बोलू शकते, आणि मलाच कळणार नाही?’ खोटं नव्हे, चुकीचं, असं मी म्हटलं. पण तिचा प्रश्न माझ्या दुरुस्तीपेक्षा चांगला होता. दुसऱ्याने लगेच व्यावहारिक फायदा पाहिला, ‘मी असं म्हणालेच नव्हते’ हे आई म्हणते ते कदाचित खरंही असेल. मी त्याला आठवण करून दिली, हे दोन्ही बाजूंना लागू आहे. ते त्याला तितकंसं आवडलं नाही.

अभ्यासाचं काही सांगा, हा मोठ्या बाईंचा आग्रह मी मोडत नाही. एबिंगहाउस हा जर्मन गृहस्थ स्वतःच प्रयोग करणारा आणि स्वतःच त्याचा उंदीर होता. अर्थहीन अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरलं ते मोजायचं, असं त्याने वर्षानुवर्षं केलं आणि १८८५ मध्ये पुस्तक काढलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं, आणि तेवढीच उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा थोडी थोडी विभागून केली तर जास्त टिकते, हे त्याने दाखवलं. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी एक उतारा काही विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा वाचायला दिला, आणि काहींना एकदा वाचून मग न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवणारे पुढे गेले. वाचणाऱ्यांना मात्र आपलं उत्तम झालंय अशी खात्री होती. हायलायटरने पिवळंधम्मक केलेलं गाइड आठवून वर्गाचे चेहरे जरा पडतात.

इथे मला परवच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तिन्हीसांजेला दिवा लागला की पाढे, पावकी, निमकी म्हणायची. समोर पुस्तक नाही, रोज थोडं, आणि चुकलं की आजी स्वयंपाकघरातून दुरुस्त करणार. घोकंपट्टी म्हणून आपण त्याला नावं ठेवली. अर्थ न कळता म्हणायचं हा त्यातला दोष होताच. पण न बघता आठवणं, दिवसांमध्ये विभागणं आणि चूक लगेच कळणं, या तिन्ही गोष्टी त्यात होत्या. त्या आपण घोकंपट्टीबरोबर टाकून दिल्या आणि आता क्लासवाल्यांकडून ‘टेस्ट सिरीज’ म्हणून विकत घेतो.

झोपेबद्दल मात्र मी मुलांशी न बोलता मोठ्यांशी भांडते. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, म्हणून पंधरा वर्षांच्या पोराला दहाला झोप येत नाही आणि सकाळी सहाला उठवत नाही. फोन हे घड्याळ आणखी बिघडवतो, पण घड्याळ फोनने बनवलेलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं होतं, या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला, शाळा सकाळी नऊनंतर भरवा. तो पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंत. लहानग्यांना झोप मिळतेय हे चांगलंच. पण उशिरा उठण्याचं जैविक कारण ज्यांच्यापाशी आहे ती मुलं अजून सातच्या शाळेत जांभया देतायत. आमच्या शाळेतल्या काही कुटुंबांनी खोली विकून ठाण्यापलीकडे दिव्याला घर घेतलं, पण पोराची शाळा बदलली नाही. त्या पोरांच्या उठण्याच्या वेळेला मी सकाळ म्हणणार नाही. शनिवारी शेवटच्या तासाला त्यांतला कुणी डोकं टेकून झोपला तर मी त्याला उठवत नाही. मोठ्या बाई फेरीवर आल्या तरच.

गुरुपौर्णिमेला आमच्या भागात गोविंदा पथकांच्या सरावाचा नारळ फुटतो. मग गोपाळकाल्यापर्यंत वर्गात कुणाचा खांदा दुखतो, कुणाचं ढोपर सोललेलं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा २००५ चा अभ्यास मी मुद्दाम त्याच दिवसांत काढते. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ. सिग्नल पिवळा झाल्यावर किती वेळ पुढे दामटायची, हा त्यातला जुगार. १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना जेवढा धोका पत्करायची त्यापेक्षा मित्र बघत असताना बराच जास्त पत्करायची. चोविशी ओलांडलेल्यांना मित्र असले काय नसले काय, फरक पडला नाही. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण पिकतो, आणि मित्रांच्या शाबासकीने सुखावणारा भाग त्याच्या कितीतरी आधी जोरात असतो.

लोकलच्या दाराला लटकणाऱ्यांचा विषय आपोआप निघतो. पण चर्चा खरी रंगवली ती चौदा पूर्ण झाल्यामुळे यंदा पहिल्यांदाच थरात चढणाऱ्या एका बारक्याने. तो म्हणाला, ‘एकटा असतो तर मी पाचव्या थरावर चढलोच नसतो.’ मागून कुणीतरी, ‘एकटा असतास तर थर कुठून आणले असतेस?’ हशा झाला. तो हसला नाही. म्हणाला, ‘वर गेल्यावर खालचं कोण दिसत नाय बाई. नुसता आवाज येतो. आणि पाय कोणी पकडलाय ते कळतं.’ अभ्यासातल्या त्या खेळात मित्र नुसते बघत असतात. थरात ते पाय धरून असतात. हा फरक किती मोठा, ते मोजणारा प्रयोग कसा करायचा, हे मला आजही नीट सुचलेलं नाही. पण ‘वाईट संगत’ या एका शब्दावर मोठी माणसं जेवढं काम भागवतात, तेवढ्यावर ते भागत नाही, एवढं मला त्या पोराने दाखवलं.

बघणाऱ्यांची भीती हा याचाच दुसरा पदर. डेव्हिड एल्काइंडने १९६७ मध्ये मांडलं की या वयाची मुलं काल्पनिक प्रेक्षकांसमोर वावरत असतात. सगळे आपल्याकडेच बघतायत, पिंपल सगळ्यांना दिसतंय. आम्ही त्यावर मोज्यांचा प्रयोग करतो. एक स्वयंसेवक एका पायात पांढरा आणि एका पायात करडा मोजा घालून येतो, दिवसभर वावरतो, आणि किती जणांच्या लक्षात आलं असेल ते आधी लिहून ठेवतो. त्याचा अंदाज नेहमी अवाच्या सवा असतो. एकदा एका मुलाने निम्मा वर्ग लिहिला होता. लक्षात आलं होतं दोघांच्या, आणि त्यातली एक त्याच्या बाकावर बसणारी.

आता जरा न रंगणारी बाजू. मुलं येतात तीच शब्द घेऊन. वही नीट लावणाऱ्याला ओसीडी, पेपर अवघड गेला की डिप्रेशन, मैत्रीण बोलली नाही की ट्रॉमा. रील्सवर सगळं मिळतं. मी हे शब्द हिसकावून घेत नाही, पण त्यांची हद्द दाखवते. उदास वाटणं आणि नैराश्याचा आजार यांत तीव्रतेचा फरक असतो, काळाचा असतो. निदानासाठी लक्षणं किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज दिसावी लागतात. झोप, भूक, अभ्यास, माणसांत मिसळणं यांवर परिणाम व्हावा लागतो. आणि ते ठरवायचं डॉक्टरने. परीक्षेच्या दिवसांत अल्बर्ट एलिसची गोष्ट उपयोगी पडते. १९५५ पासून त्याने मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसापर्यंत आणली ती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी, एलिसशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. पेपर अवघड जाणं ही घटना. ‘आता सगळं संपलं’ हा त्यावर आपण चढवलेला विचार. रडू फुटतं ते बरंचसं त्या विचाराने. मुलांना हे झटकन कळतं. स्वतःवर वापरायला मोठ्यांनाही वर्षं लागतात, तेव्हा त्यांच्याकडून मी घाई करत नाही.

तास संपल्यावर कुणीतरी रेंगाळतं. फळा पुसायच्या निमित्ताने, छत्री विसरल्याच्या निमित्ताने. वर्षाच्या सुरुवातीलाच मी सांगून ठेवलेलं असतं : तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील, पण कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी मोठ्या माणसाला सांगणार, आणि ते तुम्हाला आधी सांगून. मी शिक्षिका आहे, उपचार करणारी नाही. केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा मोफत नंबर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. तो दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. मुलं तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहितात. खरी अडचण असते घरी. एका मुलीच्या वडिलांना भेटायला बोलावलं तर ते दारातूनच म्हणाले, ‘आमच्या पोरीला वेडं ठरवताय का?’ बसा म्हटलं. बसले. बराच वेळ ते स्वतःच्याच झोपेबद्दल बोलले.

आणि मग मार्शमेलो. प्रत्येक पालकसभेत कुणीतरी हा प्रयोग सांगतंच : लहान मुलासमोर मार्शमेलोसारखा गोड खाऊ ठेवायचा, मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं, जी थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली. वॉल्टर मिशेलचा हा प्रयोग खरा, पण त्यातून काढलेलं तात्पर्य गेल्या काही वर्षांत बरंच सैल झालंय. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी मोठ्या संख्येने मुलं घेऊन तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्या थांबण्याचा पुढच्या गुणांशी संबंध अगदीच थोडा उरला. मी हे सांगण्याआधीच एका मुलाने हात वर केला होता. ‘बाई, घरात चार भावंडं असली ना, तर थांबणारा येडा.’ वर्ग हसला, पण त्याने जे सांगितलं ते २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि तिच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलंय. ज्या मुलांना आधी मोठ्या माणसाने चांगले रंग आणतो सांगून आणले नाहीत, ती खाऊसमोर सरासरी तीन मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला, ती बारा मिनिटं. संयम मुलाचा मोजायचा की शब्द देणाऱ्याचा, हा प्रश्न मी पालकसभेत मांडला तेव्हा चहा आल्यामुळे चर्चा तिथेच थांबली.

शास्त्रातली पडझड मुलांपासून लपवू नये, असं मला फार वाटतं. उलट तीच त्यांना शास्त्राकडे ओढते. पुस्तकातलं चुकू शकतं आणि ते मोजूनच चुकीचं ठरवता येतं, हे कळल्यावर गेल्या वर्षीच्या वर्गाने मला न विचारता एक प्रयोग ठरवला. मिलग्राम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या फुटपाथवर माणसं उभी करून वरच्या एका खिडकीकडे बघायला लावलं होतं. एक जण बघत असेल तर जाणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांनी वर पाहिलं, पंधरा बघत असतील तर ८६ टक्क्यांनी. आमच्या पोरांनी दादर स्टेशनबाहेर, फुलबाजाराच्या बाजूला, संध्याकाळी सहाला हे केलं. आधी एकाने आकाशात बघायचं, मग पाच जणांनी, मग सगळ्यांनी. मोजायला दोन मुली वही घेऊन कडेला.

कुणीही वर बघितलं नाही. तीन-चार जणांनी शिव्या घातल्या, एका फुलवालीने ‘गिऱ्हाइकाच्या वाटेत उभं राहू नका’ म्हणून हाकललं, आणि हवालदाराने सगळ्यांची शाळा विचारून घेतली. त्याचा जाब सोमवारी मला विचारला गेला, तो भाग सोडून देते.

शनिवारी वर्गात मिलग्राम खोटा ठरवायच्या तयारीने सगळे आले होते. मी त्यांना डार्ली आणि बॅटसन यांचा १९७३ चा अभ्यास सांगितला : धर्मशास्त्र शिकणारे विद्यार्थी, वाटेत कण्हत पडलेला माणूस, घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. बराच वेळ वाद झाला. मुंबईकर कुणाचं बघून मान वर करत नाही असा एका गटाचा दावा, तर सहाला कर्जत फास्ट पकडायची असेल तर न्यूयॉर्कवालाही करणार नाही असा दुसऱ्याचा. वही घेऊन उभी असलेली मुलगी म्हणाली, भांडून काय होणार, तीच जागा ठेवायची आणि वेळ बदलायची, रविवारी सकाळी. आणि हो, तिने वहीत आणखी एक रकाना आखला होता : हवालदार आहे की नाही.